नाकाच्या ऑपरेशनला चार महिने झाले, तरी नाक चोंदलेलेच

रानजाई | 9 जून, रात्री 11.50

नमस्कार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात माझ्या नाकाचे ऑपरेशन झाले. नाकातला मधला पडदा डावीकडे वाकलेला होता आणि उजव्या बाजूला जी मोकळी जागा उरली होती, ती तिथल्या टर्बिनेटने (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा, आत हाड असलेला मांसल उंचवटा) फुगून भरून टाकली होती. पडदा सरळ करणे आणि टर्बिनेट लहान करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली. सहाव्या दिवशी आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या काढल्या, तेव्हा आलेला पहिला श्वास इतका थंड आणि मोठा होता की माझ्या डोळ्यांत पाणी आले. दोन दिवसांनी सूज आली, पण ती येणारच असे आधी सांगितले होते. मार्चच्या मध्यापर्यंत खपल्या पडून गेल्या आणि बरे वाटू लागले.

एप्रिलपासून मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कधी डावी नाकपुडी बंद, कधी उजवी, आणि रात्री दोन्ही. अंथरुणाला पाठ टेकली की अर्ध्या तासात नाक बंद होते, मग तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि पहाटे जाग येते ती जीभ टाळूला चिकटलेली असते म्हणून. मी शाळेत गणित शिकवते. पहिल्या तासाला माझ्या तोंडून ‘मूळ संख्या’ नीट उमटत नाही, ‘बूळ’ असे काहीसे ऐकू येते, आणि पहिल्या बाकावरची मुले वर बघतात. त्या नजरेचा मला आता त्रास होऊ लागला आहे.

स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता. आठ दिवस मारला, गुण आला नाही, शिवाय दोनदा घोळणा फुटला, म्हणून थांबवला. सर्दीची गोळी रोज घेते. फारच कोंडले तर रात्री ड्रॉप्स टाकते, त्याने दहा मिनिटांत दोन्ही बाजू पूर्ण मोकळ्या होतात आणि झोप लागते. ज्यांनी ऑपरेशन केले ते म्हणतात की पडदा सरळ आहे, त्यांच्या बाजूने काम संपले. मग हे काय आहे? ऑपरेशन फसले असे समजायचे का? पुन्हा करावे लागते का? ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उंबरठा | 10 जून, सकाळी 7.15

माझ्या मामांचे दोनदा झाले. हाड पुन्हा वाढतेच, असे आमच्याकडे सगळे सांगतात. म्हणून मी स्वतः ऑपरेशन टाळत आलो आहे आणि वाफ घेऊन दिवस काढतो आहे. तुम्हाला निराश करायची इच्छा नाही, पण अनुभव सांगितला.

कातळवाट | 10 जून, सकाळी 9.40

रानजाई, तुमच्यासारख्याच अवस्थेत मी दीड वर्ष काढले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझेही पडद्याचे ऑपरेशन झाले होते. पडदा सरळ झाला, तपासणीत सगळे उत्तम दिसत होते, आणि तरीही जोराने श्वास ओढला की उजवी नाकपुडी आत ओढली जाऊन बंद व्हायची. जिना चढताना तर हमखास. तीन ठिकाणी दाखवल्यावर चौथ्या डॉक्टरांनी मला आरशासमोर उभे केले आणि नाकाशेजारचा गाल दोन बोटांनी बाहेरच्या बाजूला हलकेच ताणायला सांगितले. ताणताक्षणी श्वास मोकळा झाला. त्यांनी सांगितले की नाकपुडीच्या आत, दारापासून साधारण सव्वा-दीड सेंटीमीटरवर जी सर्वांत अरुंद जागा असते, तिची बाहेरची भिंत माझ्यात कमकुवत आहे. पडदा कितीही सरळ केला तरी ती भिंत आत कोसळतेच. पुढे कूर्चेचा एक छोटा तुकडा बसवून तिला आधार दिला आणि प्रश्न मिटला.

माझ्या बाबतीत ड्रॉप्सने काडीचाही फरक पडत नसे. तुमच्या बाबतीत दहा मिनिटांत नाक मोकळे होते असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे आपली दुखणी वेगळी असावीत असे मला वाटते. तरी आरशासमोर गाल ताणून बघा, दोन मिनिटांचे काम आहे.

निशिगंध | 10 जून, दुपारी 2.30

मी नाक-कान-घसा तज्ज्ञ आहे. रानजाई, मी तुमचे नाक पाहिलेले नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुमच्या लिहिण्यात ज्या वाक्यावरून तुम्ही भर्रकन पुढे गेलात, तिथे मी थांबलो. ड्रॉप्सची बाटली तुम्हाला किती दिवस पुरते? आणि ऑपरेशनच्या आधी किती काळ टाकत होता?

रानजाई | 10 जून, रात्री 10.05

डॉक्टर, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. खरे उत्तर देते. ऑपरेशनच्या आधी तीन वर्षे टाकत होते. ऑपरेशननंतर बंद होते, मार्चअखेर सर्दी झाली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून सुरू केले. आता दहा मिलीलीटरची बाटली बारा दिवसांत संपते. एक बाटली उशीखाली, एक पर्समध्ये आणि एक शाळेच्या कपाटात असते. रात्री दोनदा तरी उठून टाकते. टोपण उघडल्याचा आवाज झाला की यजमानांना जाग येते, म्हणून हल्ली टोपण अर्धवट सैलच ठेवते. हे लिहिताना माझ्या लक्षात येते आहे की ‘फारच कोंडले तर’ असे मी वर लिहिले, ते खरे नव्हते.

निशिगंध | 11 जून, सकाळी 11.20

तुम्ही मोकळेपणाने सांगितलेत, त्याने अर्धे काम झाले. आता जरा लांबण लावतो, कारण तुमच्यासारखे रुग्ण आठवड्याला दोन-तीन तरी माझ्यासमोर बसतात आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हे सगळे सांगायला वेळ मिळत नाही, ही आमचीच उणीव आहे.

नाकाच्या आत दोन वेगळ्या गोष्टी असतात: चौकट आणि अस्तर. मधला पडदा आणि बाजूच्या भिंती म्हणजे हाडाची व कूर्चेची चौकट. अस्तर म्हणजे श्लेष्मल त्वचा, आणि टर्बिनेटवरच्या अस्तरात रक्ताने फुगणाऱ्या व रिकाम्या होणाऱ्या ऊती असतात. ऑपरेशन चौकट दुरुस्त करते. अस्तराचा स्वभाव ते बदलत नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे ड्रॉप्स अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतात, चौकटीला हात लावत नाहीत. म्हणून ड्रॉप्स टाकल्यावर नाक पूर्ण मोकळे होत असेल, तर वाट पुरेशी रुंद आहे आणि अडथळा सुजलेल्या अस्तराचा आहे, असा त्याचा अर्थ निघतो. ड्रॉप्सनंतरही एक बाजू बंदच राहत असेल, तर उरलेला वाकडेपणा, चिकटलेला पडदा किंवा कातळवाट यांनी सांगितलेली कमकुवत भिंत शोधावी लागते. आम्ही दवाखान्यात हीच परीक्षा करतो: आधी पाहायचे, औषध मारायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा पाहायचे. तुम्ही ही परीक्षा रोज रात्री घरी घेत आहात, फक्त तिचा निकाल तुम्हाला कोणी वाचून दाखवला नाही.

ड्रॉप्सचा दुसरा भाग असा. ते सलग पाच-सात दिवसांहून अधिक टाकले की परिणाम ओसरताना रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा ड्रॉप्स, पुन्हा सूज. औषधानेच आणलेले हे चोंदणे आहे. तुमच्या वेळापत्रकावरून तुमच्यात याचा मोठा वाटा असावा असे मला वाटते.

उंबरठा, आता तुमच्या मामांविषयी. आपल्याकडे ‘नाकाचे हाड वाढले’ हा एकच शब्दप्रयोग तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतात: पडदा वाकडा असणे, टर्बिनेट फुगणे आणि नाकात द्राक्षाच्या मण्यांसारखे पॉलिप होणे. मोठ्या माणसाचा सरळ केलेला पडदा पुन्हा ‘वाढत’ नाही. कूर्चेला जुन्या वळणाची ओढ असते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत ती थोडी मागे झुकू शकते, इतकेच. परत येतात ते पॉलिप आणि फुगलेली टर्बिनेट, कारण त्यांच्यामागची अ‍ॅलर्जी किंवा दाह कायम असतो. मामांचे नेमके काय होते ते कागदपत्रांत पाहा. नेदरलँड्समध्ये 2019 साली आणि ब्रिटनमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, पडदा खरोखर वाकडा असलेल्या रुग्णांना ऑपरेशनने निव्वळ औषधांपेक्षा अधिक आराम पडल्याचे दिसले. तेव्हा हे ऑपरेशन वायाच जाते, असे सरसकट म्हणू नये.

रानजाई, दुर्बिणीतून पुन्हा तपासणी करून घ्या, आणि जाण्याआधी ठरवून विचारा: चिकटलेले काही आहे का, पडद्याला भोक आहे का, टर्बिनेटचे अस्तर कसे दिसते, आणि अ‍ॅलर्जीची चाचणी करायची का. पुन्हा ऑपरेशनचा विचार आजच करू नका. आतली सूज पूर्ण बसायला सहा महिने, काहींना वर्षही लागते.

पाणवठा | 11 जून, रात्री 9.30

डॉक्टर, एक शंका आहे. माझे ऑपरेशन झालेले नाही, पण माझ्याही नाकपुड्या आलटून पालटून बंद होतात. हा आजार आहे का?

निशिगंध | 12 जून, सकाळी 8.10

नाही, ते बहुतेकांच्या नाकात चालते. एका बाजूचे अस्तर काही तास फुगते, दुसरीकडचे ओसरते आणि नंतर पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी 1895 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले; आपल्याकडच्या स्वरशास्त्राने चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणून ही पाळी त्याच्या कितीतरी आधी टिपली होती. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी चोंदते आणि वरची उघडते, हेही त्यातच बसते. जेवणानंतरच्या वामकुक्षीत डाव्या कुशीवर पडल्यावर उजवा स्वर सुरू होतो, तो यामुळेच. निरोगी माणसाला या पाळीची जाणीवही होत नाही, कारण दोन्ही बाजू मिळून पुरेशी हवा आत येत असते. अस्तर आधीच सुजलेले असेल तर मात्र पाळी आलेली बाजू पूर्ण बंद पडते आणि लक्ष जाते. ऑपरेशननंतर ‘डावी उघडली तर उजवी बंद’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांना एवढे समजावून सांगितले तरी त्यांची भीती कमी होते.

देवराई | 12 जून, संध्याकाळी 6.45

मी टोरांटोत राहते. इथे हिवाळ्यात घरातल्या हीटरने हवा इतकी कोरडी होते की ऑपरेशननंतर माझ्या नाकात मे उजाडेपर्यंत खपल्या धरत होत्या. मला दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुण्याने सर्वांत जास्त फायदा झाला, कोणत्याही गोळीपेक्षा जास्त. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण कपभर पाण्याला पाव ते अर्धा छोटा चमचा, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडले तर झोंबते, फार झाले तरी झोंबते.

पाण्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. नळाचे पाणी थेट वापरू नका. पाणी खळखळून उकळून, झाकून, कोमट होऊ देऊन तेच घ्या. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली नळाच्या पाण्याने नाक धुतलेल्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला होता, आणि केरळमध्येही गेल्या काही वर्षांत या आजाराचे रुग्ण आढळले आहेत. असे क्वचितच घडते, पण पाणी उकळायला पाच मिनिटे लागतात. जलनेतीचे पात्रही रोज धुऊन पूर्ण वाळवावे.

निशिगंध | 12 जून, रात्री 9.00

देवराई यांनी लिहिलेले योग्य आहे. त्यात एवढेच घालतो की ऑपरेशन झालेल्या नाकात सूत्रनेती, म्हणजे दोरा किंवा रबरी नळी घालण्याचा प्रकार, आपल्या सर्जनने परवानगी दिल्याशिवाय मुळीच करू नये.

स्प्रेविषयी राहिले होते. रानजाई, तुम्ही आठ दिवसांत सोडला, पण त्याचा पुरता परिणाम दिसायला दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. ड्रॉप्ससारखा तो दहा मिनिटांत काही दाखवत नाही. घोळणा फुटला तो बहुधा फवाऱ्याचा नेम चुकल्यामुळे. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारला की फवारा सरळ मधल्या पडद्यावर बसतो आणि तिथली नाजूक त्वचा सोलवटते. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, मान किंचित खाली झुकवून, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखून मारावा. त्यानंतर जोरात ओढू नये. घशात गेला तर वाया गेला.

सर्दीच्या गोळ्यांबद्दलही लिहितो. सेटिरिझिनसारख्या गोळ्या शिंका आणि खाज थांबवतात, चोंदण्यावर त्यांचा जोर फार चालत नाही. बाजारातल्या अनेक मिश्र गोळ्यांत नाक मोकळे करण्यासाठी फिनाइलेफ्रिन घातलेले असते. पोटातून घेतलेल्या फिनाइलेफ्रिनचा चोंदण्यावर उपयोग होत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2023 मध्ये एकमताने दिला आहे.

उंबरठा | 13 जून, सकाळी 7.30

मामांचे कागद काढले. दोन्ही वेळा पॉलिपचे ऑपरेशन होते, पडद्याचे नव्हतेच. मी इतकी वर्षे चुकीचे सांगत होतो, आणि त्या भीतीने स्वतःचे नाकही दाखवले नाही. या आठवड्यात वेळ घेतो आहे. वाफेने मात्र मला खरेच बरे वाटते, ते कसे?

निशिगंध | 13 जून, दुपारी 1.15

वाफेने खपल्या आणि शेंबूड सैल होतो. पाण्यात पुदिन्याचा अर्क किंवा मलम घालत असाल तर आणखी एक गोष्ट घडते. श्वास मोकळा असल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः हवेच्या थंडाव्यावरून होते, आणि मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या त्याच चेतातंतूंना जागे करते. वाट तेवढीच राहते, पण ती उघडल्यासारखी वाटते. हीच गोष्ट उलटीही घडते आणि ती गंभीर आहे: टर्बिनेट प्रमाणाबाहेर कापली गेली तर नाक आतून प्रशस्त दिसते, पण हवेचा स्पर्शच जाणवत नाही आणि माणूस अखंड गुदमरत राहतो. असे क्वचित होते, त्याला रिकाम्या नाकाचा विकार म्हणतात. अशा रुग्णाला ‘सगळे तुमच्या मनात आहे’ असे सांगून परत पाठवणे हा अन्याय आहे.

इथे वाचणाऱ्या ज्यांचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सूचना. पहिल्या काही दिवसांत दोन्ही बाजू अचानक गच्च बंद झाल्या, नाक ठणकू लागले, ताप आला, तर सूज समजून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडद्याच्या आत रक्त साठले असेल आणि ते वेळीच काढले नाही, तर कूर्चा कुजते आणि नाकाचा बासा बसतो.

रानजाई | 24 ऑगस्ट, रात्री 10.40

उशिरा लिहिते आहे, पण मुद्दाम थांबले होते.

जूनच्या शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे दुर्बिणीतून तपासणी झाली. त्यांनी स्क्रीनवर चित्र दाखवत समजावले. मधला पडदा सरळ आहे. डाव्या बाजूला पुढे पडदा आणि टर्बिनेट यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा चिकटला होता, पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यात धरतो त्या जाळ्यासारखा. तो तिथेच जागा बधिर करून पाच मिनिटांत सोडवला. टर्बिनेट फिकट, निळसर आणि फुगलेली होती. तो रंग अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवतो म्हणून त्वचेची चाचणी केली. त्यासाठी सर्दीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्या लागल्या. हातावर सर्वांत मोठी गांध उठली ती घरातल्या धुळीतल्या किड्यांची, आणि दुसरी गाजरगवताच्या परागांची. आमच्या सोसायटीच्या मागचा रिकामा प्लॉट गाजरगवताने भरलेला आहे आणि माझी खिडकी त्याच बाजूला उघडते.

ड्रॉप्स सोडण्याचे असे झाले. आधी दहा दिवस स्प्रे, इथे सांगितलेल्या पद्धतीने, आणि दोन वेळा नाक धुणे. मग एका बाजूचे ड्रॉप्स बंद, दुसऱ्या बाजूचे चालू, म्हणजे एका नाकपुडीने तरी झोपता येते. उजवी बाजू पाच रात्री पूर्ण दगड झाली होती. तिसऱ्या रात्री मी बाटली हातात घेऊन गॅलरीत बसले होते आणि टाकणारच होते. यजमान शेजारी येऊन बसले, आम्ही पहाटे चारपर्यंत बोलत बसलो. सहाव्या दिवशी दुपारी, आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत असताना, उजवीकडून हवा आत गेल्याचे जाणवले. ड्रॉप्स न टाकता, किती महिन्यांनी! मग डावी बाजू सोडवली, ती त्या मानाने सोपी गेली. आज ड्रॉप्स बंद होऊन पाच आठवडे झाले.

या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत पाच प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता. चोंदणे, अडथळा, श्वासाचा त्रास, झोप आणि श्रम करताना हवा पुरणे, या प्रत्येकाला शून्य ते चार गुण द्यायचे आणि बेरजेला पाचाने गुणायचे. जूनमध्ये माझे 85 होते, परवा 30 भरले. शून्य झालेले नाही. सकाळी शिंका येतात, पावसाची झड लागली की नाक जड होते. गादीला आणि उशीला घट्ट विणीचे अभ्रे घातले, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुते. अ‍ॅलर्जीच्या लसीबद्दल विचारले, ती तीन ते पाच वर्षे घ्यावी लागते, दिवाळीनंतर ठरवू.

मनात एक सल आहे, तो लिहिते. ऑपरेशनच्या आधी मला रक्ताच्या, छातीच्या, सीटी स्कॅनच्या तपासण्या सांगितल्या गेल्या, पण तुम्ही ड्रॉप्स टाकता का आणि शिंका कधी येतात, हे दोन प्रश्न कोणी विचारले नाहीत. ऑपरेशन गरजेचे होते हे मला आता मान्य आहे, पडदा खरोखरच वाकडा होता. पण ते दोन प्रश्न तेव्हाच विचारले गेले असते तर एप्रिल ते जून मी स्वतःला फसलेली रुग्ण समजले नसते.

कातळवाट | 25 ऑगस्ट, सकाळी 8.20

फार बरे वाटले वाचून. गाल ताणून पाहिला होता का?

रानजाई | 25 ऑगस्ट, दुपारी 3.10

पाहिला होता, फरक पडला नाही. डॉक्टरांनीही तपासले, भिंत मजबूत आहे. आणि देवराईताई, मिठाचे प्रमाण मी आता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजते. रात्रीच लिटरभर पाणी उकळून स्टीलच्या बरणीत झाकून ठेवते, सकाळी त्यातलेच घेऊन पुन्हा थोडे कोमट करते.

उंबरठा | 25 ऑगस्ट, रात्री 9.55

माझे निदान झाले. पडदा उजवीकडे वाकडा आहे आणि ड्रॉप्स टाकूनही ती बाजू उघडली नाही, डॉक्टरांनी समोर बसवून दाखवले. अ‍ॅलर्जीची चाचणी आधी होईल, ऑपरेशन नोव्हेंबरात. पट्ट्या काढताना दुखते का, एवढे कोणी सांगावे.

रानजाई | 25 ऑगस्ट, रात्री 10.20

दुखत नाही, ओढल्यासारखे होते आणि डोळ्यांतून पाणी येते. एका बाजूला चार-पाच सेकंद लागतात. जाण्याआधी काहीतरी खाऊन जा, उपाशीपोटी भोवळ येऊ शकते, आणि त्यानंतर दोन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्या.